पाणी मारुतीच्या कुठवर आलंय?

गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की बातम्यांत क्युसेकचे आकडे येतात. आमच्या आजीला ते पटत नाहीत. तिचा एकच प्रश्न असतो, "मारुतीच्या कुठवर आलंय?"

रामकुंडापाशी, ऐन पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. पाय बुडाले तर पावसाळा नेहमीसारखा. कमरेला पाणी लागलं की सराफ बाजारात आणि भांडी बाजारात माल हलवायची धांदल. छाती बुडाली की अख्खं गाव पूर बघायला होळकर पुलाकडे धावतं. आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी टेकलं, तर महापूरच!

ही घंटा सावकाश बघावी अशी आहे. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली हे काळ्या पाषाणाचं शिवमंदिर बांधलं, पण घंटा त्याहून जुनी. तिच्यावर १७२१ हे साल आहे. घडणावळ पोर्तुगीज. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून ती इथे आली आणि महादेवाच्या दारावर नदीकडे तोंड करून टांगली गेली. वसईचा इतिहास पुस्तकात वाचण्याआधी मी तो त्या घंटेखाली उभी राहून आजीच्या तोंडून ऐकला.

समोर पायऱ्या चढून गेलं की कपालेश्वर, नंदी नसलेला महादेव. खाली काठावर दर बुधवारी बाजार भरतो. मेथी, कांदे, पाट्या-वरवंटे सगळं मिळतं. उन्हाळ्यात देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला, पाठीमागे नदीचा वारा. भाजीच्या पिशव्या शेजारी ठेवून व्याख्यान ऐकणारे लोक मला फार आवडतात. गोदाकाठ देखणा आहे तो या राबत्यामुळे.

आता सिंहस्थ तोंडावर आला, सुशोभीकरणाची चर्चा सुरू झाली. मला धास्ती वाटते. आधीच्या सिंहस्थांच्या तयारीत पात्रात आणि कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं, जिवंत झरे त्याखाली दबले. गोदाप्रेमी मंडळींनी चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा कुठे थोडं काँक्रीट निघालं. उरलेलंही निघायला हवं. रोषणाई, कारंजी, सेल्फी पॉइंट मागाहून बघता येतील. आधी कुंडांचे झरे मोकळे करा.