कण्यावरच्या सुरकुत्या

"हे बघा, ठेवलं खाली," असं म्हणत काकांनी पुस्तक आमच्या वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलंच.

काय चाललंय ते कळायला मला क्षणभर लागला. मग दारासमोरच्या फळ्याकडे नजर गेली. 'या महिन्याचं पुस्तक' या मथळ्याखाली माझ्याच अक्षरात, पिवळ्या खडूने लिहिलेलं होतं, 'एकदा हातात घेतलं की खाली ठेववणार नाही!' उद्गारचिन्हासकट.

काका आमचे जुने सभासद. रहस्यकथा, हेरकथा, कोर्टकचेरीच्या कथा एवढंच वाचतात आणि आठवड्याला दोन फडशा पाडतात. त्यांनी आजवर पुस्तक मुदतीआधी परत आणलं ते संपलं म्हणूनच. "संपलं?" मी विचारलं.

"मीच संपत आलो होतो," एवढं बोलून ते वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे गेले.

लेखकाचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांचं नाव मुखपृष्ठावर पुस्तकाच्या नावापेक्षा मोठ्या टायपात छापतात त्यांच्यापैकी एक, एवढं पुरे. त्याची आधीची पुस्तकं आमच्याकडे इतकी फिरली की काहींचं दोनदा बाइंडिंग करून घ्यावं लागलं. म्हणून नवी हेरकादंबरी येणार म्हटल्यावर, एरवी एक-दोन प्रती घेतो तिथे आम्ही पाच घेतल्या. मागणीच्या वहीत ३६ नावं लागली. पहिल्या पाच जणांना प्रती गेल्या, उरलेले ३१ रांगेत. मुदत दहा दिवसांची, आणि तो सातवा दिवस होता.

वाचनालयात नवं पुस्तक लवकर परत येत नाही. उशिरा येतं, फोन करकरून येतं, कधी पावसात भिजून येतं. त्या दिवशी दुपारपर्यंत पाचांपैकी चार प्रती टेबलावर होत्या. दुसरी प्रत आणणारी मुलगी म्हणाली, "झोप मात्र छान लागली, मॅडम." तिसरे गृहस्थ पुस्तकाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "दुसरं काहीही द्या, पण त्यात कोणीतरी मरू दे." चौथ्या सभासदाने तर धाकट्या भावाच्या हातीच पाठवून दिलं. वर निरोप, की ताईला विचार, पुढे काही घडतं का.

मला काय माहीत! मी ते वाचलंच नव्हतं. फळ्यावरचं वाक्य मलपृष्ठावरच्या मजकुरावरून उचललेलं होतं, शब्द थोडे इकडेतिकडे करून. महिन्याच्या सुरुवातीला कामाची घाई असते, नव्या पुस्तकांवर दाखल क्रमांक घालायचे असतात, फळा रिकामा राहून चालत नाही. ही कारणं खरी आहेत, पण काकांनी सात संध्याकाळी त्या पुस्तकाशी झुंजण्यात घालवल्या त्या माझ्या अक्षरावर विसंबून.

चारही प्रती मी समोर उभ्या केल्या. नुसत्या डिंकावर चिकटवलेल्या जाड पेपरबॅकचा कणा खोटं बोलत नाही. पुस्तक दोन्ही हातांनी फाकवलं की कण्यावर एक उभी सुरकुती पडते. जसजसं वाचत जावं तसतशा सुरकुत्या सरकत जातात. कोणी कुठवर वाचलं हे सभासदाने न सांगता कळतं. (आम्ही ते कुणाला सांगत नाही. सगळं वाचलं असं सांगून गेलेल्यांचंही.) या चारांच्या कण्यावर पुढचा निम्म्याहून थोडा कमी हिस्सा सुरकुतलेला आणि उरलेला कोरा, गुळगुळीत. पानांच्या कडाही तेच सांगत होत्या. पहिला बोटभर भाग किंचित फुगलेला, मळकट, पुढचा पांढराशुभ्र आणि एकमेकांना घट्ट चिकटलेला. एकीत खूण म्हणून घातलेला औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा तसाच राहिला होता, पान १४२ ला. मी चारही उघडून पाहिल्या. १३० ते १५० च्या दरम्यान सगळे थांबलेले. चार वेगवेगळी माणसं, चार वेगवेगळ्या घरांत, त्याच वीस पानांत गळाली होती.

साधारण दोन वाजता पाचवी प्रत आली. आणणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, इतिहास आणि चरित्रं वाचणाऱ्या. या यादीत त्यांचं नाव कसं आलं याचंच मला आधी नवल वाटलं होतं. त्यांच्या प्रतीचा कणा या टोकापासून त्या टोकापर्यंत सुरकुतलेला, आणि शेवटाकडे एक सुरकुती इतर सगळ्यांपेक्षा खोल.

"पूर्ण वाचलंत?"

"हो. छान आहे. तुम्ही फळ्यावर लिहिलंय तसं नाही, पण छान आहे."

वर्तमानपत्राआडून काकांचा आवाज आला, "छान? पन्नास पानं झाली तरी तो खिडकीतच बसलेला आहे!"

"हेरगिरी अशीच असते हो," बाई तिकडे वळून म्हणाल्या. आणि मग शिक्षिकाच त्या, त्यांनी उदाहरण दिलं. किम फिल्बी. ब्रिटिश गुप्तचर खात्यातला वरिष्ठ अधिकारी, आतून सोव्हिएत युनियनचा माणूस. त्याचे दोन साथीदार, बर्जेस आणि मॅक्लीन, १९५१ मध्ये पळाले तेव्हाच त्याच्यावर संशय आला. राजीनामा द्यावा लागला. १९५५ मध्ये खुद्द परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की, याच्याविरुद्ध पुरावा नाही. शेवटी १९६३ च्या जानेवारीत तो बैरुतहून निसटून मॉस्कोला पोचला. "संशय ते शेवट, बारा वर्षं. त्यातली बहुतेक वर्षं लोक कागद वाचत आणि वाट बघत बसले होते."

"म्हणजे आम्हीही बारा वर्षं वाचायचं का?" काका म्हणाले. शेजारचे दोघं हसले. मीही हसले, पण तोंड फिरवून.

जाता जाता बाई मला हळूच म्हणाल्या, "एक सांगू? मी कुठलंही पुस्तक घेतलं की आधी शेवटची पानं चाळते. वाईट सवय आहे. याही वेळी चाळली. त्यामुळे पत्रात काय आहे ते मला पहिल्यापासून माहीत होतं."

"कुठलं पत्र?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की फळ्यावरचं अक्षर कुणाचं आणि पुस्तक वाचलंय कुणी, हे दोन्ही त्यांना एकदम कळलं.

तीन ते चार गर्दी नसते. मी त्यांचीच प्रत घेतली. गोष्ट एका वय झालेल्या गुप्तहेराची. परक्या शहरात भाड्याच्या खोलीत तो बसलाय, समोरच्या इमारतीतल्या एका खिडकीवर पाळत ठेवून. पान २४ वर दाराखालून एक पत्र सरकवलं जातं. तो वाचतो, दोनदा घडी घालतो, कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो. पत्रात काय आहे ते लेखक सांगत नाही. मग खिडकी. दिवा लागला, दिवा गेला. जिन्यातला दिवा किती सेकंद चालू राहतो ते तो मोजतो. पडदा आज अर्धाच का ओढलाय यावर दीड पान. मी साठाव्या पानापर्यंत गेले आणि घड्याळाकडे दोनदा पाहिलं. काकांचं खोटं नव्हतं.

मग त्या खोल सुरकुतीवर पुस्तक उघडलं. पान २९२. पत्र पाच ओळींचं. समोरच्या खिडकीतली बाई त्याची जुनी सहकारी. ती फितूर झाल्याचा वरिष्ठांना संशय आहे, आणि ज्या रात्री तो दिवा नेहमीपेक्षा उशिरा लागेल त्या रात्री आपलीच माणसं येऊन तिला संपवणार आहेत. याने फक्त वेळ कळवायची.

मी पुन्हा मागे, साठाव्या पानावर गेले. तेच वाक्य. जिन्यातला दिवा लागला, तो मोजू लागला, एक, दोन, तीन. या वेळी मीही मोजू लागले. अर्ध्या पडद्याचं दीड पान एका दमात संपलं. टेबलापाशी कुणीतरी येऊन उभं राहिलंय हे मला तिसऱ्यांदा "मॅडम" ऐकल्यावर कळलं.

पुस्तक हळू चालतं यात वाद नाही. पण हळू चालणं वेगळं आणि वाचकाला ताटकळत ठेवणं वेगळं. फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' ही कादंबरी १९७१ मध्ये आली. तिच्यातला मारेकरी फ्रान्सच्या अध्यक्षांच्या, द गॉल यांच्या जिवावर उठलेला. आणि द गॉल तर आदल्याच वर्षी आपल्या घरी वारले होते. डाव फसणार हे वाचकाला पहिल्या पानाआधीच ठाऊक. तरी मेलेल्या बाळाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट कसा काढायचा हे लोक पानंच्या पानं वाचतात, कारण हा दाखला कशासाठी चाललाय ते त्यांना माहीत असतं. जॉन ल कारे स्वतः ब्रिटिश गुप्तचर सेवेत होते. त्यांच्या १९७४ च्या कादंबरीत निवृत्त अधिकारी हॉटेलच्या खोलीत बसून जुन्या फायली वाचतो, बराच वेळ तेवढंच. पण वरच्या मोजक्या माणसांपैकी एक फितूर आहे, तो कोण, हा प्रश्न लेखकाने लवकरच हातात दिलेला असतो. मग फायलीतली तारीखसुद्धा टोचते. आमच्या या लेखकाने प्रश्नच खिशात ठेवून दिला, आणि पुढची अडीचशेच्या वर पानं आपल्याला त्या कोटाकडे बघत बसवलं.

मला जास्त राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपण त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात बसलेलो आहोत. त्याचा गुडघा दुखतो ते आपल्याला कळतं, मोडलेल्या लग्नातलं शेवटचं भांडण कळतं. आणि ज्या एका गोष्टीचा तो चोवीस तास विचार करत असणार, तेवढीच कळत नाही? ही लपवाछपवी पात्राची नाही, लेखकाची आहे. शेवटी धक्का द्यायचा म्हणून केलेली. पान २९२ ला धक्का बसतो, खरंच बसतो. पण तिथवर पोचलंय कोण?

पाच वाजता मी फळा पुसला. त्यावर लिहिलं, 'संथ कादंबरी. पान २४ वरचं पत्र पान २९२ वर उघडतं. हवं त्याने आधी वाचावं.' बाइंडिंग बघणारे आमचे दादा मागे येऊन उभे राहिले. "हे बरं नाही केलंत. रहस्य फोडलंत."

"काय आहे ते कुठे सांगितलं? कुठे आहे ते सांगितलं."

"घराची किल्ली कुठे ठेवलीय ते सांगण्यासारखंच आहे ते." दादा वीस वर्षं पुस्तकं शिवताहेत, त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. मी 'हवं त्याने' च्या खाली एक रेघ मारली आणि तेवढ्यावर भागवलं. ते बरोबर होतं की नाही, मला आजही नक्की सांगता येणार नाही.

रांगेतल्या पुढच्या पाच जणांना फोन केले आणि प्रत्येकाला आधीच सांगितलं की पुस्तक संथ आहे, चार जणांनी अर्धवट सोडलंय. तीन जण म्हणाले, तरी ठेवा. एकाने नाव काढायला सांगितलं. एक जण म्हणाला, "अहो, मी आता पाळतच ठेवून बसलोय त्या पुस्तकावर," आणि स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसला.

काका निघायला उठले तेव्हा फळ्यासमोर थांबले. चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा एकदा वाचलं. मग टेबलाशी आले. "उभ्याउभ्या एक पान वाचलं तर चालेल ना?"

मी प्रत पुढे केली. त्यांनी २९२ काढलं. पाच ओळी वाचायला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ लागला. मग अंगठ्याने पानं मागे सोडत गेले, मध्येच कुठेतरी थांबले, दोन-तीन पानं वाचली, त्यातलं एक पुन्हा वाचलं. मी तोवर देवघेवीची कार्डं लावत होते, लावत असल्यासारखं करत होते.

"हे आधी सांगायला काय जात होतं त्याचं?" ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, मुखपृष्ठावरच्या त्या मोठ्या टायपातल्या नावाकडे बघून.

पुस्तक या वेळी त्यांनी नीट, कडेला कड लावून ठेवलं. "यादीत घाला माझं नाव."

"रांगेत जावं लागेल, काका. २७ वे आहात."

"असू दे," ते म्हणाले.