मामाजींनी लिहून दिलं

पहिल्यांदा मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सही केली ती 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर. ‘माझ्या नावे अकरा एकर शेती आहे, सुनेच्या इंग्लंडातल्या खर्चाची जबाबदारी मी घेतो,’ असा मजकूर नागपूरच्या एका एजंटने करून दिला होता. सोबत सातबारा, आठ-अ, कापूस विकल्याच्या पावत्या आणि या सगळ्यांचं इंग्रजी भाषांतर. एजंट म्हणाला, बापाची हमी असली की व्हिसा कुठे जात नाही. तीन महिन्यांनी नकार आला. व्हिसाच्या अर्जासोबत तिथल्या आरोग्यसेवेसाठी भरायच्या आरोग्य अधिभाराचे पैसे तेवढे परत मिळाले, फी बुडाली.

नकाराचं पत्र मी ओट्यावर बसून मामाजींना वाचून दाखवलं. ते सरकी भिजवत होते. हात तसाच बादलीत ठेवून त्यांनी विचारलं, “म्हणजे माह्या सहीले तिथं किंमत नाही?”

खरंच नाही. हे मला आधी कळलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातली पोरंपोरी आता तिकडे जातात, त्यांच्या घरच्यांना उपयोग होईल.

माझा नवरा तिथे केअर होममध्ये काम करतो. लग्नाआधीच त्याला तिथला कायम वास्तव्याचा परवाना मिळाला होता. अशा माणसाला बायको न्यायची तर त्याची वर्षाची कमाई किमान 29,000 पाऊंड लागते. 11 एप्रिल 2024 च्या आधी हा आकडा 18,600 होता. नवऱ्याची कमाई 25,200, म्हणजे 3,800 कमी. ही तूट आई-बाप ‘आम्ही पोसू’ म्हणाले म्हणून भरून निघत नाही. ती शिलकीने भरता येते, पण शिल्लक नवऱ्याच्या किंवा बायकोच्या स्वतःच्या नावावर हवी आणि सलग सहा महिने खात्यात पडून हवी. हिशोब असा: तुटीची अडीचपट, अधिक 16,000. आमचे झाले 25,500 पाऊंड. पाऊंड तेव्हा 116 रुपयांच्या आसपास होता. साडेएकोणतीस लाख.

नवऱ्याची शिल्लक नणंदेच्या लग्नात गेली होती. माझ्या वडिलांनी पाच लाख देऊ केले, पण मामाजींनी हात जोडून नको म्हटलं. पोरीच्या बापाकडून घेतलेल्या पैशाला गावात एकच नाव आहे आणि ते त्यांना आमच्या घराला लागू द्यायचं नव्हतं.

चार दिवस ते काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, विहिरीकडलं तीन एकर काढू.

आमच्याकडे वावर विकणं म्हणजे घरात कोणी गेल्यासारखं असतं. त्यातून ही जमीन वडिलोपार्जित, म्हणून नणंदेची संमती लागली. ती पुसदहून आली, काही न विचारता सही केली आणि जेवून संध्याकाळच्या एसटीने परत गेली. तिच्याबद्दल मला आयुष्यभर आदर राहील. गिऱ्हाईक साडेअकरा लाख एकरी द्यायला तयार होतं, पण निम्म्याहून जास्त रोख, रजिस्ट्रीत दाखवायचं कमी. तो पैसा आमच्या काय कामाचा? कुठून आला ते कागदावर दाखवावं लागतं. मामाजी अडून बसले: सगळी रक्कम बँकेतून, तशीच रजिस्ट्री. भाव उतरून साडेदहावर आला. तीन एकरांवर तीन लाखांचं नुकसान त्यांनी एका वाक्यात सोसलं.

यवतमाळच्या सीएने दोन गोष्टी सांगितल्या. नगरपालिकेच्या हद्दीपासून दूरच्या, खेड्यातल्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. सासऱ्याने सुनेला दिलेल्या बक्षिसावर सुनेला कर नाही, पण त्या पैशावरचं व्याज सासऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. पैसे इंग्लंडला पाठवायची गरज नव्हती. माझ्या इथल्या खात्यात ते चालणार होते.

2 जूनला 31 लाख माझ्या खात्यात आले. आता बक्षिसाचं पत्र हवं होतं. मी मराठीत कच्चं लिहून मामाजींपुढे ठेवलं. त्यात एक वाक्य होतं: ही रक्कम कर्ज नाही, तिच्यावर माझा कोणताही हक्क राहिला नाही, मी ती परत मागणार नाही. मामाजींनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. “हे काऊन लिहा लागते? पोरीले देल्लेलं कोणी वापस मांगते का?” मी म्हटलं, उसने आणून दाखवलेले पैसे चालत नाहीत, म्हणून. ते मान हलवत राहिले. त्यांच्या मनाला लागलं होतं, आणि मला ते वाक्य त्यांच्यापुढे ठेवल्याची लाज वाटत होती. मग त्यांनी माझं कच्चं बाजूला सारून कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात सगळं पुन्हा लिहिलं. अर्धा तास लागला. ‘सून’ लिहिलं होतं तिथे त्यांनी ‘माझी मुलगी व सून’ असं लिहिलं.

पुढचे सहा महिने फार कठीण गेले. शिल्लक एकदाही आकड्याखाली जाता कामा नये. बँकेतल्या साहेबांनी विमा पॉलिसीचा आग्रह धरला, मी घेतली नाही, कारण पैसे लगेच काढता येण्याजोगे असावे लागतात. रुपयांची शिल्लक अर्जाच्या दिवशीच्या भावाने पाऊंडात मोजतात, आणि पाऊंड चढत होता. मी रोज सकाळी भाव पाहायची. वर ठेवलेले दीड लाख डोळ्यांदेखत आटत होते. डिसेंबरात पाऊंड 120 झाला तेव्हा चाळीस हजारांचंच अंतर उरलं.

इकडे सोयाबीनला शेंगा भरताना पाणी लागलं. दोन फवारण्यांची औषधं कृषी केंद्रातून उधारीवर आणली. घरात सुनेच्या नावाने 31 लाख, आणि सासरा औषधाच्या डब्यासाठी दुकानात थांबलेला. पोळ्याला बैलांच्या झुली मागच्याच वर्षीच्या होत्या. एकदा मी म्हटलं, चाळीस हजार काढते, पुढचं पुढे पाहू. सासूबाई माझ्यावर ओरडल्या, पहिल्यांदाच.

कापूस फुटला तेव्हा सीतादहीची, म्हणजे पहिल्या वेचणीची, पूजा झाली. विकलेल्या तीन एकरांत नव्या मालकाची पऱ्हाटी उभी होती, चांगली होती. मामाजी धुऱ्यावरून जाताना तिकडे पाहून म्हणाले, “विहिरीले पाणी भरपूर हाय, त्याले जमते.”

8 डिसेंबरला अर्ज केला. टीबीचं प्रमाणपत्र सहाच महिने चालतं, त्यामुळे तपासणी मुंबईला जाऊन पुन्हा केली. इंग्रजीची परीक्षा पहिल्या वेळचीच चालली. आरोग्य अधिभार 3,105 पाऊंड, तो आणि फी नवऱ्याने जास्तीच्या पाळ्या करून भरली. या वेळी एजंट नव्हता, अर्ज मीच भरला.

फेब्रुवारीत व्हिसा आला, तेहतीस महिन्यांचा. त्याच आठवड्यात मी मामाजींना घेऊन बँकेत गेले. आधी कृषी केंद्राची उधारी चुकती करायची, मग एका एकराएवढे तरी पैसे त्यांच्या खात्यात परत टाकायचे, असं ठरवून गेले होते. स्लिप भरली आणि त्यांचा खाते क्रमांक विचारला. त्यांनी स्लिप माझ्या हातातून घेतली, घडी केली आणि खिशात ठेवली.

“म्या लिहून देल्लं हाय ना, बाई.”

उधारी तुरीच्या पैशातून फिटली. माझं विमान 9 मार्चचं आहे.