टाळाच्या मागचा टाळ

कान तपासून ऐकण्याची मशीनं बसवते मी, कोल्हापुरात राजारामपुरीत, पण पेशंट बरेचसे इचलकरंजीचे. मागाच्या खडखडाटात तीस-चाळीस वर्षं काढलेली माणसं, त्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे कुठला सूर किती ऐकू येतो त्याचा आलेख, लांबून ओळखू येतो, 500-1000 हर्ट्झच्या खालच्या सुरांना ठीकठाक आणि 4000 च्या बारीक सुरांना धपकन खड्डा. म्हणजे आ, ओ कानात शिरतात पण स, श, फ सटकतात. "ऐकू येतंय पर कळत न्हाई" हे रोजचंच.

भजनात टाळ वाजवणारे एक मामाही त्यातलेच. आधी कुठूनतरी घेतलेलं, कानात गच्च बसणारं मशीन डब्यात पडून होतं, कारण बोललं की "मडक्यात तोंड घातल्यागत" वाटायचं. वाटणारच. खालच्या फ्रिक्वेन्सी चांगल्या असलेला कान बुजवला की स्वतःचाच आवाज हाडातून येऊन आत कोंडतो. म्हणून मी भोकं असलेला ओपन डोम, म्हणजे कानात बसणारी मऊ टोपी, लावला, मामा खूष. पण त्या भोकांतून मशीनचा आवाज बाहेर पडून परत माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते, ती दाबायला मशीनमधला शिट्टी मारणारा भाग, फीडबॅक कॅन्सलर, फुल्ल ठेवला.

पंधरा दिवसांनी मामा हजर. "मॅडम, भजनात टाळ वाजवला की मागनं दुसरा टाळ वाजतोय, त्यो बी बेसूर."

खरं सांगते, मला वाटलं सवय नाही अजून, आठ दिवस बघा म्हणून वाटेला लावणारच होते, तर मामांनी पिशवीतनं टाळच काढले आणि दिले ठेवून! बाहेर बसलेलं पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. मी मशीनला स्टेथोक्लिप (मशीनचा आवाज आपल्या कानाने ऐकायची नळी) लावून ऐकलं आणि गारच पडले. किणकिण लांबत जाते आणि तिच्या मागे एक थरथरता भुताचा सूर.

लांब टिकणारा बारीक आवाज दिसला की कॅन्सलर त्याला शिट्टी समजतो. बोलण्यात असा आवाज फारसा टिकत नाही, टाळाचा टिकतो. मग हा टाळालाच दाबायला जातो आणि त्या झटापटीत स्वतःच सूर काढतो. कॉलेजात शिकलेलं होतं की हे सगळं, पण वय बघून माणसालाच चुकीचं ठरवून मोकळी झाले होते.

भजनासाठी वेगळा प्रोग्राम केला, कॅन्सलर बंद आणि शिट्टी येऊ नये म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सीचा गेन, म्हणजे मशीन आवाज किती वाढवतं ते, जरा कमी. बटण दाबलं की चालू. मामा डोळे मिटून वाजवत बसले, मीही थांबवलं नाही.

गुरुवारी रात्री साडेदहाला फोन. "टाळ झ्याक हाय मॅडम, पर मंडळी परत तोंडातल्या तोंडात बोलाय लागली."

घरी आल्यावर बटण परत दाबायचं राहिलं होतं.