ऑप्शन फॉर्म, आजोबांचा दाखला आणि नेटकॅफेवाल्याचा मोबाईल

सीईटीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. २०२५ ला लेकीचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन झालं तेव्हापासून बार्शीत ज्यांची पोरं बारावीला आहेत त्या सगळ्यांना वाटतं हिला सगळं कळतं. कळत काही नाही हो, ठेचा तेवढ्या लागल्यात. प्रश्न एकच असतो, "ताई, ९१ पर्सेंटाइल आहे, कुठलं कॉलेज मिळेल?" मी म्हणते आधी सांगा कॅटेगरी कुठली, जात पडताळणीची व्हॅलिडिटी आलीय का, आणि बारावी कुठल्या गावातून केली. की समोर शांतता.

बारावीचं गाव कशाला, तर होम युनिव्हर्सिटी त्यावर ठरते. आमची पोरगी अकरावी-बारावीला लातूरला होती, इथली निम्मी पोरं तिकडंच जातात. घर सोलापूर जिल्ह्यात, रेशनकार्ड इथलं, पण बारावी लातूरची म्हणून तिची होम युनिव्हर्सिटी झाली नांदेडची. सोलापूरच्या कॉलेजात आम्ही बाहेरचे! कटऑफच्या पीडीएफमध्ये जागेच्या कोडच्या शेवटी एच असतो तो होमचा, ओ असतो तो बाहेरच्यांचा आणि एस म्हणजे राज्यपातळीचा, आणि कोडची सुरुवात एल ने असेल तर ती मुलींची जागा. वरचा मोठा आकडा मेरिट नंबर असतो, पर्सेंटाइल खाली कंसात. मी आठवडाभर चुकीच्या रकान्यात बोट ठेवून बसले होते, त्यामुळे सांगते.

आता कागद. आम्ही ओबीसी, म्हणजे जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर आणि जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी. पहिले दोन सेतूत होतात, नॉन क्रिमीलेयरची मुदत फक्त बघा, ३१ मार्चला संपलेला घेऊन गेलात तर काही उपयोग नाही. खरी दमछाक व्हॅलिडिटीला. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे शोधा आजोबांची शाळा. माझे सासरे ज्या गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले तिथं आम्ही तीनदा गेलो, गुरुजींनी कपाटातून रजिस्टर काढलं, पानं हात लावला की तुटायची, आणि सासऱ्यांचं नाव सापडलं पण आडनावच लिहिलेलं नाही, नुसतं नाव आणि वडलांचं नाव. मग प्रवेश निर्गम उतारा, त्याला जोडून वंशावळ, ॲफिडेव्हिट. हे सगळं अकरावीत करायचं असतं, आम्ही बारावीच्या जानेवारीत जागे झालो. घरात चुलत्याची किंवा चुलतभावाची व्हॅलिडिटी असेल तर आधी तिची झेरॉक्स मागा, काम बरंच हलकं होतं.

आणि फॉर्म भरताना मोबाईल नंबर घरातलाच द्या. आम्ही घाईत नेटकॅफेत गेलो, त्या पोरानं स्वतःचाच नंबर टाकला, म्हणजे प्रत्येक ओटीपी त्याच्याकडं, आणि ऐन वेळी तो लग्नाला गेलेला.

पण खरी गंमत ऑप्शन फॉर्मची, म्हणजे पाहिजे त्या कॉलेज-ब्रँचची पसंतीप्रमाणे यादी. ३०० पर्यंत पर्याय टाकता येतात आणि लोक दहा टाकून मोकळे होतात. आमच्या ह्यांनी पहिली यादी केली त्यात सगळ्यात वर हमखास मिळणारं कॉलेज! म्हणे वर ९६ वालं टाकलं तर नंबर वाया जाईल. अहो काही वाया जात नाही. कॉम्प्युटर मेरिटने एकेक पोरगं घेतो, तुमचा नंबर आला की तुमच्या यादीत वरून बघत येतो, जिथं जागा मिळेल तिथं थांबतो. वरचं नाही मिळालं म्हणून खालच्याला धक्का लागत नाही. उलट हमखासवालं वर ठेवलं तर तो तिथंच थांबणार, खाली तुमच्या आवडीचं असलं तरी बघणारच नाही.

यात एक मेख आहे. २०२५ पासून राऊंड चार झाले आणि पहिल्या राऊंडला पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्याला पहिल्या तीनातला किंवा तिसऱ्याला पहिल्या सहातला, तर जागा आपोआप फ्रीज, पुढचा राऊंड बंद. शेजारच्या पोराला कॉम्प्युटर ब्रँच पाहिजे होती, पण दोन नंबरला मामा म्हणाले म्हणून सिव्हिल टाकून ठेवलेलं. दुसऱ्या राऊंडला तेच लागलं. त्याची आई आमच्या ओट्यावर बसून रडली. तर पहिल्या सहात फक्त तेच टाका जे मिळालं तर पोरगं नाचेल, मामा नाही. नियम दरवर्षी हलतात तेवढी यंदाची माहिती पुस्तिका वाचून घ्या, ती मोफत असते, हजारो रुपये घेणारे काउन्सेलरही तीच वाचून सांगतात.

आम्ही शेवटी प्रत्येक कॉलेज-ब्रँच एकेका चिठ्ठीवर लिहिलं आणि हॉलमध्ये फरशीवर मांडलं, पंखा बंद करून, नाहीतर उडतात. घामानं निथळत दोन तास बापलेकीचं भांडण, ही चिठ्ठी वर की ती. मी मध्ये पडले नाही, चहा दिला. तिसऱ्या राऊंडला वरून चौथी चिठ्ठी लागली.

फीचं राहिलंच. ८ जुलै २०२४ च्या जीआरने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, उत्पन्न आठ लाखाच्या आत पाहिजे आणि ॲडमिशन कॅपमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. तरी कॉलेजच्या खिडकीवर मला म्हणाले आधी पूर्ण भरा, नंतर परत मिळेल. मी पर्समधून जीआरची प्रिंट काढून पुढं सरकवली. ते गृहस्थ आत गेले, अर्ध्या तासानं आले, आणि आकडा खाली आला. होस्टेल-मेसला मात्र सूट नाही, ते रोखच मोजावे लागले. आणि त्या मेसच्या जेवणाचं म्हणाल तर दर रविवारी लेकीचा फोन असतो, आई, शेंगाचटणी संपली.