घुमट्या: दुपारी गायब, पहाटे हजर

माझ्या चित्रकथेतला घुमट्या नावाचा काल्पनिक प्राणी अखेर कागदावर उभा राहिला. फक्त ज्या चित्रासाठी एवढा आटापिटा चालला होता त्या चित्रात नाही, भलत्याच चित्रात. त्यापायी कथेचा मधला भाग उचलून दिवसाच्या दुसऱ्या वेळेला न्यावा लागला आहे, म्हणून ही नोंद लांबणार.

मागचं ज्यांना आठवतंय त्यांना तिढा माहीत आहे. कायम ढगांखाली असलेली पाणथळ. दिवसभर लख्ख ऊन नाही, उजेड सगळा वरून, गाळून आलेला. तिथलं हे आखूड पायांचं, घुमटाकार पाठीचं चरणारं जनावर. वरून टेहळ्या घिरट्या घालतो आणि बाजूने चिखलातले शिकारी येतात, म्हणून त्याला खऱ्या प्राण्यांत सर्रास आढळणारी रंगरचना दिली: पाठ गडद, पोट फिकं, मधे हळूहळू उतरत जाणारी छटा. हरणांना असते, शार्कला असते, पेंग्विनला असते. उन्हातल्या प्राण्यात हा बदल ठळक असलेला बरा, ढगाळ उजेडात मऊ. तेही पाळलं. जगाच्या हिशेबाने सगळं बिनचूक, आणि चित्राच्या हिशेबाने सत्यानाश.

टोनची, म्हणजे उजळ-गडदपणाची, नऊ पायऱ्यांची पट्टी घ्या, १ म्हणजे कोरा पांढरा, ९ म्हणजे काळाकुट्ट. (रंग मोजायची पद्धत बसवणारा मन्सेल उलटीकडून मोजतो, त्याच्याकडे ० काळा आणि १० पांढरा. माझ्या पट्टीवरून भांडू नका.) पाठ मुळात ७, पण वरचा उजेड थेट तिच्यावर, म्हणून दिसते ५. पोट मुळात ३, पण स्वतःच्याच सावलीत, म्हणून तेही ५. मागची लव्हाळी ५. झालं, जनावर संपलं. गोळ्यावर शेडिंग घोटताना आपण जे जे शिकतो, म्हणजे उजेडाची बाजू, मिडटोन, गाभ्याची सावली, परावर्तित उजेड, ते या कातडीने आधीच पुसून टाकलेलं. गोलाई दाखवायला गेलं की जनावराचा रंग खोटा पडतो. रंग खरा ठेवला की गोलाई जाते.

रिम लाइट, म्हणजे मागून कडेवर पडणारा उजेड द्या, हा सल्ला सगळीकडे मिळतो. देऊन पाहिला. कडेने उजळ रेघ आली, जनावर उठून दिसलं, पण त्या ढगाळ जगात मागून एवढा उजेड टाकणारं आहे कोण? बाह्यरेषा ठळक केली तर टोनचं काम रंगवायच्या वहीसारखं दिसायला लागलं. मग केसांच्या वळणाने हॅचिंग, म्हणजे जवळजवळ बारीक रेघा, करून पाठीचा फुगवटा दाखवला. हे त्यातल्या त्यात बरं होतं, जवळून छान वाटायचं, पण कागद हातभर लांब धरला की सगळं एकजीव राखाडी. पडछायेचा आधार घ्यावा तर पाय मीच आखूड केलेले, पोट चिखलाला टेकलेलं. पडछाया पडायला जागाच नाही. काडेपेटीएवढे तीन टोनचे थंबनेल, म्हणजे चिमुकले कच्चे आराखडे, ढिगाने केले आणि प्रत्येकात मधे एक भोक.

मग पेन्सिल बाजूला ठेवून जुनं वाचन परत काढलं. या रंगरचनेचा नियम नीट मांडला तोच मुळी एका चित्रकाराने, अॅबट थेयर नावाच्या अमेरिकन माणसाने, १८९६ मध्ये. गोलाई दाखवायला आपण जे करतो त्याच्या नेमकं उलट निसर्ग करतो, हे कळायला छायाप्रकाशात मुरलेली नजरच लागत असणार. (पुढे गडी वाहवला. फ्लेमिंगो गुलाबी असतात ते सूर्योदय-सूर्यास्ताच्या आकाशात मिसळून जायला, असंही म्हणायचा. अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने त्यावरून त्याची चांगलीच खरडपट्टी काढली.) महत्त्वाचं हे की त्याचा नियम उजेड वरून असतो या एका गृहीतावर उभा आहे.

म्हणून मातीचा मूठभर घुमट्या केला, वर गडद, खाली फिका असा रंगवला आणि राखाडी पुठ्ठ्यासमोर ठेवला. वर दिवा, दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर. डोळे किलकिले केले तर खरोखर सपाट. रंगात थोडं थोडं दुरुस्त करत गेल्यावर एका क्षणी तो दिसेनासाच झाला, आणि इतके दिवस ज्याच्या नावाने बोटं मोडली त्याचंच भलतं कौतुक वाटलं. मग दिवा खाली आणून बाजूला धरला. फिकं पोट एका कडेने पेटलं, गडद पाठ मागे सरली, पलीकडची बाजू ८ वर गेली. पूर्ण जनावर! वजनासकट.

म्हणजे घुमट्या दिसतो, पण ढगांची कड आणि क्षितिज यांच्यामधल्या फटीतून उजेड आडवा येतो तेवढ्याच वेळात. पहाटे थोडा, संध्याकाळी थोडा. इथे कथा आपोआप हलली. मोजणीवाली पोर उताराच्या घाटावर बसून दरडोई करासाठी कळप मोजते, तो प्रसंग मी भर दुपारी ठेवला होता आणि तिचा हिशेब रोज का चुकतो याला चांगलं कारण सापडत नव्हतं. आता कारण समोरच आहे. कारकुनाला मोजणी दुपारी हवी, कारण नियमात तसं लिहिलंय. जनावरं दिसतात पहाटे. ती पहाटे मोजते, दुपारी कारकून मोजतो, आकडे जुळत नाहीत आणि लबाड ती ठरते. लिओनार्दोने काल्पनिक प्राण्याची कृती सांगून ठेवली आहे: कुत्र्याचं डोकं, मांजराचे डोळे, साळिंदराचे कान, सिंहाची भुवई, कासवाची मान. कृती झकास आहे, पण मला विचाराल तर अवयव जमवण्याआधी दिवा कुठे आहे ते ठरवा.

दुपारचं चित्रही मग सुटलं. पांढरा कागद टाकला आणि ५ च्या टोनचा राखाडी कागद घेतला. दुपारच्या चित्रात घुमट्या काढलेलाच नाही. तो म्हणजे कोरा कागद. डोळा, नाकपुडी, दोन खुरांच्या रेघा आणि जिथे लव्हाळी मधेच तुटते ती जागा, बस्स. पोरीकडे आधी लक्ष जातं, मग तिच्या नजरेच्या रेषेत तो डोळा सापडतो. या एका गोष्टीवर मी बेहद्द खूश आहे.

राखाडी कागदाबद्दल तक्रार मात्र आहे. एकाच पॅडमधले ताव एका टोनचे नसतात. वरचा ५, मधला साडेपाच, शेवटचा निळसर. ज्यांचं सगळं गणित कागदाच्या टोनवर उभं आहे त्यांनी प्रत्येक ताव पट्टीला लावून पाहावा आणि मागे आकडा लिहावा. फोनच्या काळ्या-पांढऱ्या फोटोवर विसंबू नका, एक्स्पोजर तो स्वतःच बदलतो. पट्टी आणि ताव एकाच फोटोत घेतले तरच तुलना होते.

ग्राफाइट या कामातून जवळजवळ बाद. ८बी ही मऊ, गडद पेन्सिल कितीही घोटली तरी खरा काळा येत नाही, वर चकाकते. कोंते नावाच्या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये ग्राफाइटमध्ये चिकणमाती मिसळून पेन्सिल बनवली, तीच रीत अजून चालते: बी जितकी वरची तितकी माती कमी, ग्राफाइट जास्त, आणि त्याच्या चपट्या पापुद्र्यांवरून उजेड आरशागत परततो. गडदासाठी दाबीव चारकोल, म्हणजे कोळशाची दाबून केलेली कांडी, पण तो सहजी खोडला जात नाही, म्हणून जागा पक्की झाल्यावरच. चारकोल आधी, ग्राफाइट नंतर हा क्रम उलटला तर गुळगुळीत ग्राफाइटवर चारकोल धरतच नाही. आणि पांढरा खडू फिक्सेटिव्हनंतर, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या फवाऱ्यानंतर लावा, आधी लावलात तर फवाऱ्याखाली निम्मा विरून जातो.

हे लिहिताना मातीचा घुमट्या शेजारीच होता. सहज उलटा ठेवला आणि वरचा दिवा लावला. पोट मुळात ३, त्यावर उजेड, म्हणजे १. पाठ मुळात ७, आता सावलीत, म्हणजे ९. अख्ख्या पट्टीची दोन टोकं एका जनावरात! जिवंत घुमट्या दुपारी दिसत नाही, पण उताणा पडलेला मेलेला घुमट्या मैलभरावरून दिसणार. टेहळ्याला तर नक्कीच. म्हणजे कळपाला आपल्या मेलेल्याला पालथं करावंच लागेल, नाहीतर शत्रूला कळपाचा पत्ता मिळेल. आणि कारकुनाच्या दुपारच्या मोजणीत येतात ते फक्त मेलेले. हा धागा पुढच्या सगळ्या चित्रांच्या योजनेवर बसणार असं दिसतंय.

लगेच एक मेख निघाली. उंच घुमटाचं जनावर उताणं पडत नाही, कलंडून आपोआप सरळ होतं. स्टार कासवाच्या पाठीचा आकार नेमका त्याच कामाचा आहे. पाठ बसकी करावी तर नावच बदलावं लागेल. त्यापेक्षा मरण पाण्यात येऊ दे. पोटात वायू साठला की मासेही उताणे तरंगतात, तसा हाही तरंगेल. मग पालथं करून उपयोग नाही, पुन्हा उलटेल. पोट फोडून बुडवायला हवं. कथेत काहीच काम नसलेला तो खालच्या जबड्याचा सुळा, जो काढून टाका असं मला दोनतीनदा सांगून झालंय, तो आता राहणार.

सायनोडॉन्टिस निग्रिव्हेंट्रिस नावाचा आफ्रिकेतला कॅटफिश (मिशाळ मासा) उलटा पोहतो आणि त्याचं पोट पाठीपेक्षा गडद असतं. त्यावरून गुहेच्या छताला लटकणारी एक भावकी सुचली होती, तिचे थंबनेल निम्मे झालेही होते. ते आता थांबवले. आधी सुळा. तो पांढरा ठेवला तर दुपारच्या कोऱ्या कागदावर कळपभर सुळेच उठून दिसतील आणि टेहळ्याचं काम सोपं होईल, म्हणून चिखलाने माखून ५ वर आणायचा. फक्त टोक घासून घासून उजळलेलं, २ च्या आसपास. हे टोक टेहळ्याच्या उंचीवरून दिसतं का आणि घाटावरून दिसतं का, ते मातीच्या नमुन्यावर तपासल्याशिवाय मोठ्या कागदाला हात लावत नाही.