नळी बदलली, निट्स जागेवर आले

लॅपटॉपच्या स्क्रीनचे निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं एकक) मी घरीच मोजतो: स्क्रीनला टेकवलेली काळी नळी, त्या टोकाला गोल भोक आणि दुसऱ्या टोकाला बीएच१७५० हा लक्स (अंगावर पडणारा प्रकाश) मोजणारा छोटा सेन्सर. त्यातली मागच्या नोंदीतली ५० मिमी पीव्हीसीची नळी अखेर भंगारात गेली. डब्यावर ३०० निट्स लिहिलेलं आयपीएस पॅनेल (एलसीडी स्क्रीनचा एक प्रकार) तिच्यातून ३८९ दाखवत होतं. कंपनी एवढी दानशूर नसते. नळी १० सेंमीची २० सेंमी केली तर आकडा थेट ५६३! पॅनेल तेच, ब्राइटनेस तोच. म्हणजे दोष नळीतच.

हिशोब पुन्हा एकदा: लक्स म्हणजे पाय (π) गुणिले निट्स गुणिले भोकाच्या त्रिज्येचा वर्ग, भागिले त्रिज्या आणि भोक ते सेन्सर अंतर यांच्या वर्गांची बेरीज. भोक ४० मिमी असेल तर १० सेंमीला गुणक ०.१२०८ आणि २० सेंमीला ०.०३११. बीएच१७५० ने अनुक्रमे ४७ आणि १७.५ लक्स दिले होते. भोकातून सरळ येणारा प्रकाशच मोजला जात असता, तर दोन्हीकडून निट्स एकच निघाले असते. लांब नळीत आकडा फुगतो, कारण सरळ प्रकाश कमी होतो आणि भिंतीवरून घसरत येणाऱ्याचा वाटा वाढतो.

मॅट ब्लॅक स्प्रे आत मारलेला होताच. पण अगदी तिरप्या कोनात मॅट रंगही चकाकतो. टॉर्च नळीच्या एका तोंडाशी धरून दुसरीकडून पाहा, आतली भिंत चांदीसारखी दिसते. स्प्रेच्या डब्यावर पैसे घालण्यापेक्षा फळ्याचा रंग बरा, पण तोही पुरेसा नाही.

इलाज असा. नळी ६३ मिमीची, भोक ४० चंच, म्हणजे भिंत सरळ प्रकाशाच्या वाटेपासून दूर राहते. आतून सांगलीच्या कापड पेठेत मिळते तसली काळी मखमल. भिंत सेन्सरच्या नजरेआड करायला मध्ये काळ्या कार्डच्या तीन चकत्या: सेन्सरपासून २.५, ५ आणि ७.५ सेंमीवर, भोकं १२, २२ आणि ३२ मिमी. हिशोबाने १०, २० आणि ३० पुरतात, पण २ मिमी मोकळीक हवी, नाहीतर मुख्य भोकाची कड कापली जाते. गंमत म्हणजे याच चकत्या दुप्पट अंतरावर सरकवल्या की २० सेंमीच्या नळीलाही चालतात.

आता १० सेंमीला ३३.४ लक्स, म्हणजे २७६ निट्स. २० सेंमीला ८.५, म्हणजे २७३. जुळले!

व्हर्नियर मात्र हवाच. भोकाच्या व्यासात १ मिमी चुकलं तर निकालात ५ टक्के फरक, सेन्सरच्या अंतरात १ मिमी चुकलं तर १० सेंमीच्या नळीत २ टक्के. नळीच्या तोंडाला फेल्टची कडी लावा. स्क्रीनवर दाब आला की आकडा हलतो.

८.५ लक्सला बीएच१७५० च्या मोड २ चा ०.५ लक्सचा टप्पा फार जाड. एमटी रजिस्टर (सेन्सर किती वेळ मोजतो ते ठरवणारी सेटिंग) २५४ केलं (हेक्स ४७, मग ७ई, मग ११) की तो ०.११ वर येतो. पण वाचनाआधी ७०० मिलिसेकंद थांबा. सेन्सर वाचणाऱ्या बऱ्याच तयार कोड-लायब्ररी १८० लाच वाचतात आणि आधीचाच आकडा हातात देतात. शिवाय डेटाशीटप्रमाणे १.२ हा भाजक (सेन्सरच्या कच्च्या आकड्याला याने भागून लक्स मिळतात) ०.९६ ते १.४४ मध्ये कुठेही असू शकतो, म्हणजे २० टक्के इकडे-तिकडे. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त मॉड्यूलवर म्हणूनच एकट्यावर विसंबू नये.

पडताळा कॅमेऱ्याने. आयएसओ १००, एफ/४, पांढरी स्क्रीन फोकसबाहेर ठेवून स्पॉट मीटरिंग. के (कॅमेऱ्याच्या मीटरचा स्थिरांक) १२.५ धरला तर शटरच्या छेदाची दुप्पट म्हणजे निट्स: १/१२५ ला २५०, १/१६० ला ३२०. मीटर याच दोन पायऱ्यांमध्ये बसतो.

नेहमीची तयारी विसरू नका: अर्धा तास पांढरी स्क्रीन, चार्जर लावलेला, नाइट लाइट, व्हॅरी-ब्राइट आणि कंटेंट अ‍ॅडॅप्टिव्ह ब्राइटनेस या स्क्रीनचा रंग-उजेड आपोआप बदलणाऱ्या सोयी बंद. लाईट गेली की खोली आयतीच काळोखी होते, पण लॅपटॉप बॅटरीवर जाऊन पॅनेल मंद होतं. तेव्हाचं वाचन फेकून द्या.

यानंतर ओएलईडी स्क्रीन मोजायला घ्यायचं ठरलं होतं, ते मागे ढकलतोय. कारण हे लिहितानाच सुचलं: घुमट असलेला लक्समीटर स्क्रीनला टेकवून ६९० लक्स येतात, पायने भागले की जेमतेम २२०. समोरून २७५ च्या आसपास आणि टेकवून २२०, हा फरक पॅनेल तिरपं पाहताना मंद होण्याचाच असणार. तेव्हा आता बिजागरीला कोनमापक चिकटवून हीच नळी ०, १५, ३०, ४५ आणि ६० अंशांवर. ४० मिमीचं भोक एकावेळी २२ अंशांहून जास्त रुंद शंकू बघतं, म्हणून त्यासाठी २० मिमीची वेगळी चकती कापायला घेतली आहे.