दुधाची बाटली २.२७२ लिटरची का?

ब्रिटनमधल्या कुठल्याही सुपरमार्केटात दुधाची मोठी प्लास्टिकची बाटली उचलून बघा. लेबलवर छापलेलं असतं २.२७२ लिटर. दोन नाही, अडीच नाही. शेजारी ‘४ पाइंट’ (एक पाइंट म्हणजे ५६८ मिली) दिसलं की कोडं सुटतं. बाटली जुन्याच मापाची आहे, आकडा तेवढा नवा. जॅमच्या बरणीवर, सॉसेजच्या पाकिटावर ४५४ ग्रॅम दिसतात, तो जुना एक पौंड. काचेच्या परत करायच्या बाटलीतलं दूध मात्र आजही कायद्यानं सरळ पाइंटात विकता येतं. तेच दूध प्लास्टिकमध्ये भरलं की लिटर सक्तीचं.

नव्यानं आलेला माणूस इथं गोंधळतो तो यामुळेच. पेट्रोल लिटरनं घ्यायचं, पण गाडीचं ॲव्हरेज मैल प्रति गॅलनमध्ये सांगायचं. दवाखान्यात वजन किलोत नोंदवतात, आणि तोच माणूस बाहेर येऊन आपण ११ स्टोन ४ पौंड (म्हणजे ७१.७ किलो) असल्याचं सांगतो. मेट्रिकला, म्हणजे किलो-लिटर-मीटरच्या मापांना, झालेला विरोध आणि सरकारनं घेतलेली माघार यांतून हे जे अर्धवट उरलं, त्यातच लोक रोजचे व्यवहार करतात.

किलो-लिटर युरोपनं लादले, अशी इथं सर्वसाधारण समजूत आहे. तारखा वेगळं सांगतात. मेट्रिककडे जायचं सरकारनं १९६५ मध्ये जाहीर केलं, तेही उद्योगांच्या मागणीवरून. युरोपीय समुदायात (आताच्या युरोपीय संघाचं आधीचं रूप) ब्रिटन शिरला १९७३ मध्ये. दहा वर्षांत बहुतेक काम उरकायचं होतं, पण सक्ती कुणावरच नव्हती. १९६९ मध्ये मेट्रिकेशन बोर्ड नेमलं, त्याच्या हाती सल्ला आणि प्रचार एवढंच होतं. १९८० मध्ये ते गुंडाळलं.

सक्ती नसली की काय होतं, ते गालिच्यांच्या धंद्यात दिसलं. १९७५ च्या सुमारास गालिचेवाले चौरस मीटरवर आले. चौरस यार्ड म्हणजे ०.८३६ चौरस मीटर. म्हणजे १० पौंड यार्डाचा गालिचा मीटरच्या पाटीवर ११.९६ पौंडांना दिसतो. माल तोच, भाव तोच, पण गिऱ्हाईक पाटी बघून शेजारच्या दुकानात जातं. एका मोठ्या विक्रेत्यानं पुन्हा यार्डाच्या पाट्या लावल्या आणि बाकीचे मुकाट मागे गेले. बाजारात भाजीवाल्यांचीही तीच अडचण. १.२० पौंडांना पौंड असलेली सफरचंदं किलोच्या पाटीवर २.६५ होतात. (चलन आणि वजन, दोन्हींना पौंडच म्हणतात, त्याला इलाज नाही.) भाववाढ झाकायला नवं माप आणलं, हा संशय लोकांच्या मनात इथूनच बसला. दशमान नाण्यांचा बदल, १५ फेब्रुवारी १९७१ चा, ताजा होता. २४० पेनींच्या पौंडाचे १०० पेनी झाले तेव्हाही लोक हेच म्हणत होते.

शेवटी सक्ती आली ती युरोपच्या निर्देशांमुळे. पाकीटबंद मालाला १९९५ मध्ये आणि सुट्या मालाला १ जानेवारी २००० पासून. आता पौंडाच्या बाजूनं बोलणं आणि युरोपच्या विरोधात बोलणं एकच झालं.

इथून पुढचं प्रकरण गाजलं ते केळ्यांचं. संडरलंडचे फळविक्रेते स्टीव्ह थोबर्न पौंड-औंसाचा काटा वापरत होते. ‘पौंडात केळी विकली म्हणून शिक्षा झाली’ असं अजूनही सांगितलं जातं, पण गुन्हा नेमका तो नव्हता. वैधमापन निरीक्षकानं आधी ताकीद दिली. मग, हा काटा आता व्यापाराला चालत नाही म्हणून, त्याच्यावरचा सरकारी शिक्का खोडला. शिक्का नसलेला तो काटा थोबर्न यांनी चालूच ठेवला आणि खटला त्यावर उभा राहिला. २००१ मध्ये दोषी ठरले, शिक्षा जवळजवळ नाममात्र. त्यांना आणि अशाच इतर विक्रेत्यांना वृत्तपत्रांनी ‘मेट्रिकचे हुतात्मे’ म्हटलं.

बचाव मात्र हुशार होता. १९८५ च्या वजनमापे कायद्यानं पौंड आणि किलो दोन्ही चालतील असं म्हटलं होतं. १९७२ च्या युरोपविषयक कायद्यानं सरकारला नुसत्या नियमांनी कायदे बदलायचा अधिकार दिला होता. नंतरचा कायदा आधीच्याला आपोआप रद्द करतो, मग १९८५ चा वरचढ नको का? २००२ मध्ये न्यायमूर्ती लॉज यांनी हे फेटाळलं. काही कायदे ‘घटनात्मक’ दर्जाचे असतात आणि ते असे नकळत रद्द होत नाहीत, असं त्यांनी म्हटलं. लिखित राज्यघटना नसलेल्या देशात हा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. केळ्यांचा घड कुठवर पोचला बघा.

आजचा नियम असा. व्यापारासाठीचा काटा मेट्रिकच हवा आणि भाव किलोला लिहायलाच हवा. त्याच्या शेजारी पौंडाचा भाव लिहिता येतो, पण किलोपेक्षा मोठ्या अक्षरात नाही. गिऱ्हाइकानं ‘एक पौंड टोमॅटो’ मागितले तर त्यात बेकायदा काहीच नाही, विक्रेता ४५४ ग्रॅम तोलून देतो. हे दुहेरी लेबल २००९ अखेर बंद व्हायचं होतं. युरोपीय आयोगानंच २००७ मध्ये ती मुदत काढून ते कायम ठेवायचा प्रस्ताव मांडला. तोपर्यंत ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, नावानं इतका शंख झाला होता की ही बातमी फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

पबमध्ये एकाच टेबलावर तिन्ही तऱ्हा दिसतात. नळावरची बिअर पाइंटात (५६८ मिली), वाइन १२५ किंवा १७५ मिलीत, व्हिस्की २५ किंवा ३५ मिलीत. पेला काठोकाठ मापाचा असेल तर फेसही मापात धरतात. धंद्याचा संकेत निदान ९५ टक्के द्रव असावा असा आहे, म्हणजे २८ मिलीपर्यंत फेस खपून जातो. वर थोडी बिअर घालून मागितली तर कुणी वाईट मानत नाही. अमेरिकी पाइंट ४७३ मिलीचा असतो, तो हिशोब इथं लावू नका. व्हिस्कीचं इंग्लंडमधलं जुनं माप होतं गिलचा (गिल म्हणजे पाव पाइंट) सहावा हिस्सा, २३.७ मिली. मेट्रिकमध्ये ते २५ झालं, आणि त्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

रस्त्यांवर सरकारच कचरलं. पाट्या १९७३ मध्ये बदलायच्या होत्या, १९७० मध्येच ते बेमुदत पुढे ढकललं. म्हणून मैल, यार्ड आणि मैलांचा वेग अजून आहेत. रस्त्याचा आराखडा मीटरमध्ये बनतो, पाटीवर यार्ड लिहितात. मोटरवेच्या कडेला मात्र दर १०० मीटरला एक लहान खांब असतो, त्यावरचा आकडा किलोमीटरचा. दर ५०० मीटरला निळी पाटी असते, तिच्यावर रस्त्याचा क्रमांक, दिशेचं अक्षर आणि किलोमीटर. गाडी बंद पडली तर मदतीच्या फोनवर हेच तीन तपशील वाचून दाखवावेत. ‘अमुक गावापासून इतके मैल’ सांगण्यात वेळ जातो.

मोठी व्हॅन भाड्यानं घेतली तर पुलाखालची उंची आधी बघावी. जुन्या पाट्यांवर फक्त फूट-इंच असायचे आणि युरोपातले ट्रक पुलांना धडकायचे. नंतर नव्या पाट्यांवर दोन्ही आकडे सक्तीचे झाले. आयर्लंडनं २० जानेवारी २००५ ला वेगमर्यादा किलोमीटरमध्ये आणली. तिकडून उत्तर आयर्लंडमध्ये शिरताना पाटीवरचा ६० चा आकडा तोच राहतो, अर्थ बदलतो. ६० मैल म्हणजे ताशी जवळपास ९७ किलोमीटर.

खरा त्रास घरात होतो. बांधकाम उद्योग लवकर मेट्रिक झाला, पण घरं जुनीच राहिली. जुन्या भिंतीतल्या उभ्या लाकडी पट्ट्या सोळा इंचांवर, म्हणजे ४०६ मिमीवर असतात. प्लास्टरबोर्डची पाटी १२०० मिमी रुंद येते, ती ४०० मिमीच्या अंतरासाठी. तीन गाळे मोजा: पट्टीचा मध्य १२१९ वर, बोर्डची कड १२०० वर. पट्टी दोन इंच जाड असेल तर पहिला बोर्ड कसाबसा तिच्यावर टेकतो. दुसऱ्या बोर्डला फरक ३८ मिमी होतो आणि कड हवेत लटकते. मग जुन्या पट्टीला चिकटून नवी पट्टी ठोकायची, किंवा दर बोर्ड आधीच्या पट्टीच्या मध्याशी कापायचा. प्लायवुड त्याच दुकानात १२२० गुणिले २४४० मिळतं, म्हणजे जुनं चार बाय आठ फूट. दोन्ही एका भिंतीला लावायचं असेल तर आधी टेप लावावी.

तांब्याच्या पाइपांत १५ मिमीचं आवळायचं फिटिंग जुन्या अर्ध्या इंची पाइपावर बसतं, २८ चं एक इंचीवर. २२ मिमीचं मात्र जुन्या पाऊण इंची पाइपावर नीट आवळत नाही आणि ठिबकतं. आतली पितळी कडी पाऊण इंचाची वेगळी मागावी लागते. विटांचंही तसंच. नवी वीट ६५ मिमी उंच, सांधा १० मिमी, चार थरांत बरोबर ३०० मिमी. जुन्या ७३ मिमीच्या विटांचे चार थर ३३२ मिमी भरतात. जुन्या भिंतीला जोड द्यायची तर ‘इंपीरियल’ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) नावानं ७३ च्या विटा अजून बनतात, त्याच घ्याव्या.

२०२२ मध्ये, युरोपीय संघ सोडून झाल्यावर, सरकारनं पौंड-औंसाबद्दल लोकांची मतं मागवली. प्रश्नावलीत ‘फक्त मेट्रिक’ हा पर्यायच नीट दिलेला नाही, अशी टीका झाली. तरी एक लाखावर उत्तरं आली आणि ९८.७ टक्के लोकांनी खरेदी-विक्रीत मेट्रिकच हवं असं सांगितलं, काहींनी एकटं, काहींनी शेजारी जुन्या मापासह. शाळांत १९७४ पासून मुख्यतः मेट्रिक शिकवतात, त्यामुळे यात आश्चर्य काही नव्हतं. २०२३ च्या डिसेंबरात सरकारनं काटे आहेत तसेच राहतील असं सांगितलं आणि एक नवी सवलत जाहीर केली: वाइन पाइंटाच्या बाटलीत विकता येईल. बाटलीवर छापायचं मात्र ५६८ मिली.